वीतभर खिडकी

"अर्धी म्हणजे किती अर्धी, ते आधी ठरवा," खिडकीकडच्या पलंगावरची मुलगी म्हणाली. दाराकडच्या पलंगावरची मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली.

ताईने हातातला खोलीचा करारनामा पुन्हा वाचला. खिडकी अर्धी उघडी राहील, असं आठ दिवसांपूर्वी तिनेच त्यावर लिहिलं होतं आणि खाली दोघींच्या सह्या घेतल्या होत्या. तेव्हा तिला फार मोठा तंटा मिटवल्यासारखं वाटलं होतं. आता एकीची अर्धी दुसरीला पाऊण वाटत होती आणि दुसरीची अर्धी पहिलीला बंदच वाटत होती. दोघी गणित शिकत होत्या, हे विशेष.

ताई त्यांच्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी. तीही शिकायलाच आलेली, पण मुलींच्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्याची मजलाप्रमुख. बत्तीस मुलींच्या हरवलेल्या किल्ल्या, तुंबलेली बाथरूम, रडारड आणि रुसवेफुगवे तिच्याकडे. त्या बदल्यात तिला एकटीची खोली मिळाली होती. त्या खोलीच्या मोहापायीच तिने अर्ज केला होता. खोली एकटीची होती खरी, पण तिचं दार दिवसातून वीसदा वाजायचं आणि दार वाजवणारी प्रत्येक जण "ताई, एकच मिनिट" म्हणून आत यायची आणि तासभर बसायची.

शेवटी ती उठली, खिडकीच्या चौकटीवर आपली वीत टेकवली आणि पेन्सिलीने खूण केली.

"कोणाची वीत धरायची?" दाराकडचीने भिंतीकडे बघूनच विचारलं.

"माझी," ताई म्हणाली. "आणि मी हात कापून इथे ठेवून जाणार नाहीये, म्हणून खूण केलीय."

तेवढ्यात आईचा फोन आला. ताई जिन्यात जाऊन उभी राहिली. आईचं रडगाणं रोजचंच होतं. बाबा रिटायर होऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून ते घरात सुचेल ते करत होते. सकाळी पाचला रेडिओ लावतात, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावतात, त्यामुळे मीठ सापडत नाही, आणि खिडकी सताड उघडी टाकतात, त्यामुळे तिचा कान ठणकतो. ताई नुसती हं हं करत राहिली. दिवसभर बत्तीस जणींचं ऐकायचं आणि मग हे. आपल्या कपाळावर तक्रारपेटी असं लिहिलंय की काय, असं तिला वाटायला लागलं होतं.

"मी बॅग भरलीय," आई शेवटी म्हणाली. "रविवारी मावशीकडे जाते. कायमची."

"कायमची म्हणजे?"

"कायमची म्हणजे कायमची. तुझ्या बाबांना त्यांची खिडकी लखलाभ."

ताईने बाबांना फोन लावला. ते म्हणाले, जाऊ दे, मोकळी हवा तरी मिळेल. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. आई रागाच्या भरात पुष्कळ बोलायची, पण बॅग आजवर कधी भरली नव्हती. ताईला पहिल्यांदा भीती वाटली. परीक्षा तोंडावर आली असताना या दोघांना हे सुचावं, याचा संतापही आला.

शनिवारी सकाळी ती बसने घरी निघाली. पुस्तक काढायला बॅगेत हात घातला, तर हाताला होस्टेलच्या कोऱ्या करारनाम्यांचा गठ्ठा लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. बाबांनी तीस वर्षं छापखान्यात रात्रपाळी केली होती. आई शाळेच्या ऑफिसात, दिवसा. ते घरी यायचे तेव्हा ही निघायच्या घाईत, आणि ही यायची तेव्हा त्यांचा डबा भरलेला. घरात एक खोली नि एक स्वयंपाकघर, तरी त्या खोलीत दोघं एकाच वेळी झोपायचे ते फक्त सुट्टीच्या दिवशी. एकतीस वर्षांचा संसार, आणि आत्ता कुठे ते एका खोलीत राहायला आले होते. म्हणजे होस्टेलच्या हिशोबाने ही दोघं पहिल्या वर्षाची होती.

घरी पोचल्यावर तिला दाराशीच आईची बॅग दिसली. बाबा पलंगावर पेपर वाचत होते, आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. ताईने चहासुद्धा घेतला नाही. मजलाप्रमुखांना कामाआधी तीन दिवसांचं प्रशिक्षण असायचं. त्यात तिने जांभया दिल्या होत्या, पण चार गोष्टी डोक्यात राहिल्या होत्या. पलंगावर कोणी बसायचं नाही. दोघांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या हव्यात. एकाने पाच मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्याने जे ऐकलं तेच परत सांगायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. आणि 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. तिने दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, एक कोरा करारनामा काढला आणि दोघांना हे नियम सांगितले.

"हे काय खूळ आणलंस?" बाबांनी विचारलं.

"बाबा, खुर्चीवर बसा."

तिचा तो आवाज घरात कोणी ऐकलेला नव्हता. मध्यरात्री मजल्यावर वरात काढणाऱ्या मुलींसाठी तो तिने कमावला होता. बाबा मुकाट्याने खुर्चीवर बसले. आईही पदराला हात पुसत आली.

"तुझ्या आईने कधीच..." बाबांनी सुरुवात केली.

"कधीच नाही म्हणायचं."

बाबांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. "मग बोलू काय?" ते म्हणाले. आईला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं.

पाचातली दोन मिनिटं अशीच गेली. ताईला मधे बोलायची फार घाई झाली होती, पण तिने घड्याळाकडे नजर लावून धरली. मग बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं शाईच्या वासात काढली. त्या छापखान्याला खिडकी नव्हती. अजून बंद खोलीत डोळा लागला की तो वास येतो. जाग येते, मग वाटतं, पाळीवरच आहे."

"आई, काय ऐकलंस ते सांग."

"हे म्हणतात, की..." आई थांबली. "बंद खोलीत शाईचा वास येतो. आणि पाळीवर असल्यासारखं वाटतं." मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, मुद्दाम करता."

हे स्वतःचं घालणं झालं होतं, पण ताईने सोडून दिलं.

आईची बोलायची वेळ आली तेव्हा कानाबद्दल ऐकायची सगळ्यांची तयारी होती. कानाचं तिने नावच काढलं नाही. "तुम्ही रात्री कामावर," ती म्हणाली. "घरात मी आणि ही एवढीशी पोर. जिन्यात पाऊल वाजलं तरी मी उठून बसायची. खिडकी बंद केली, कडी दोनदा बघितली, की मग झोप यायची. आता तुम्ही असता शेजारी, ते मला कळतं. पण खिडकी उघडी दिसली की झोप येत नाही."

बाबांनी ऐकलेलं परत सांगायचं होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "मला हे माहीत नव्हतं," एवढंच ते म्हणाले. ताईलाही माहीत नव्हतं. ती एवढीशी पोर रोज गाढ झोपलेली होती, आणि याचं तिला आता फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटून कागद भरत नाही. पुढचा दीड तास दोघांनी तिला नाकी नऊ आणले. रेडिओ सातच्या आधी नाही, यावर बाबांनी सव्वासहा मागितले. डब्यांना हात लावायचा नाही, पण नवीन डबा आला तर तो कुठे ठेवायचा ते विचारायचं. पाहुणे या रकान्यात आईने मावशीचं नाव घालायला लावलं आणि बाबांनी त्यापुढे एक दिवस आधी कळवून, असं घालायला लावलं. खिडकीपाशी आल्यावर ताई सावध झाली. तिने अर्धी हा शब्द काढलाच नाही.

"वीतभर," ती म्हणाली. "कोणाची, ते आत्ताच ठरवा."

आईची वीत लहान, बाबांची तिच्याहून चांगली दोन बोटं मोठी. त्यावरून पुन्हा जुंपली. शेवटी बाबांनी रेडिओचे सव्वासहा सोडून सात मान्य केले आणि वीत त्यांची ठरली. दोघांनी सह्या केल्या. मजलाप्रमुख, असं छापलेलं होतं तिथे ताईने सही केली. आईने सगळा कागद वाचला, अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा, आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मग तिने बॅगेतून स्वेटर काढला आणि अंगात घातला. बॅग मात्र तिने आठवडाभर दाराशीच ठेवली.

वर्षाच्या शेवटी रेक्टर मॅडमनी सगळ्या मजलाप्रमुखांना एक फॉर्म दिला. या कामातून तुम्हाला काय मिळाले? ताईने नेतृत्वगुण, संवादकौशल्य आणि वेळेचे नियोजन असं लिहिलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. पाचही जणींनी हेच तीन शब्द लिहिलेत, म्हणाल्या, निदान क्रम तरी बदलायचा. तुला खरंच काय मिळालं? ताई म्हणाली, दुसऱ्याचं पाच मिनिटं गप्प बसून ऐकण्याची सवय, आणि तीही फार जड गेली. मॅडमनी ते फॉर्मवर लिहून घेतलं नाही. तशी त्यात जागा नव्हती.

त्यानंतर तीन वर्षांनी बाबा गेले. थंडीचे दिवस होते. ताई तेव्हा नोकरीला लागली होती. तिने महिनाभराची रजा काढली. येणारी-जाणारी माणसं कमी झाली, मावशीही आपल्या घरी परतली, आणि एका संध्याकाळी दोघीच उरल्या. आई स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून पलंगावर बसली होती. खिडकीतून गार वारा येत होता. ताई उठली आणि खिडकी लावू लागली.

"राहू दे," आई म्हणाली.

"अगं, कान दुखेल. आणि आता कशाला?"

"दुखतोच आहे. या माणसाने मला नेहमी..." आई थांबली. "नेहमी नाही म्हणायचं. पुष्कळदा थंडीत कुडकुडवलं. मावशीपण तेच म्हणत होती, आता बंद कर. तिला काय माहीत."

"मग कर ना बंद."

"अशी कशी करू?" आई वैतागून म्हणाली. "बदल करायचा झाल्यास दोघांच्या सह्या आवश्यक. तूच आणलास ना तो कागद? खाली बारीक अक्षरात आहे."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली, खिडकीपाशी गेली आणि खिडकी सरकवली. चौकटीवर तिने आपली वीत टेकवली. त्यापुढे दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवली, खिडकी तेवढी नीट करून घेतली आणि मफलर कानावर ओढत परत पलंगावर येऊन बसली.