तारेबाहेरचं हिरवं

संचालकसाहेबांना गवत कळत नव्हतं, कुंपण मात्र कळत होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी माळाच्या एका तुकड्याला तार ठोकली, मेंढरांना बंदी केली आणि तेव्हापासून गाडीची काच खाली करून ते आतल्या उंच, सोनेरी गवताकडे बघत धन्य होत आले. उंटावरून शेळ्या हाकणारे निदान उंटावर चढण्याचे कष्ट तरी घेतात. साहेब गाडीतून उतरतही नसत.

त्यांच्या हाताखालच्या गवततज्ज्ञ बाई उतरत. एकदा त्यांनी आतला एक ठोंब उपटून साहेबांच्या टेबलावर ठेवला. कुणी चरलं नाही, कुणी तुडवलं नाही. जुन्या काड्यांच्या दाटीत नवे फुटवे गुदमरून गेले होते.

"केरसुणी आणलीत?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं गवत आहे, साहेब. उभ्या उभ्या मेलेलं."

"उभं आहे ना? मग झालं. फोटोत काय मुळं दिसतात?"

आता सगळ्या माळालाच कुंपण घालायचं घाटत होतं आणि निर्णयासाठी समिती येणार होती. माळ बंद झाला की बाईंच्या थोरल्या भावाला कळप विकावा लागणार होता. कोरड्या दिवसांत मेंढरं न्यायला दुसरी जागाच नव्हती.

"कुंपण शेत खातं ऐकलं होतं," दादा म्हणाला. "तुझ्या साहेबाचं तर अख्खं कुरण खायला निघालंय. अगं, एवढी शिकलीस, त्यालाही शिकव की काहीतरी."

"दादा, पालथ्या घड्यावर किती पाणी ओतू?"

घडा मग आपणहून सुलटा झाला. समितीला आत-बाहेरचा फरक ठळक दिसावा म्हणून साहेबांनी फर्मावलं, "तुमच्या भावाला सांगा, कळप तारेला लागून बसवायला. बाहेरची जमीन पार बोडकी दिसली पाहिजे."

बाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. पाऊस झाला तर काय होईल, हे त्यांना दिसत होतं. न झाला तर साहेबांना हवी तशी बोडकी जमीन मिळणार होती आणि दादाचा कळप बाजारात जाणार होता.

मेंढरं बसली. खुरांनी जमिनीचा कडक पापुद्रा फोडला, बी मातीत दाबलं, वर लेंड्यांचं खत टाकलं आणि कळप पुढे गेला. समितीची तारीख लांबली. मधे दोन चांगल्या सरी झाल्या. बाई अधूनमधून जाऊन बघून येत आणि कचेरीत चकार शब्द काढत नसत. साहेबांनीही विचारलं नाही. त्यांच्याकडे जुने फोटो होते.

समिती आली त्या दिवशी साहेबांना पाहुण्यांपायी गाडीतून उतरावं लागलं. तारेच्या आत राखाडी, मोडकं, मुकं गवत होतं आणि बाहेर, तारेला चिकटून, कोवळ्या हिरव्याचा रुंद पट्टा. साहेबांचा हात आतल्या बाजूला दाखवायला वर गेला आणि तसाच राहिला.

समितीच्या अध्यक्षा खाली बसल्या, बाहेरचे कोंब बोटांनी चाचपले. "हे कशानं उगवलं?"

"इथे मेंढरं बसवली होती," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या डोक्यातून निघालं?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला. दादा दूर कळपाशी उभा होता. खरं सगळं सांगून साहेबांची फजिती करायची, तर ते चिडून कुंपणासाठी हटून बसले असते.

"साहेबांच्याच," बाई म्हणाल्या. "हुकूम त्यांचाच होता."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. साहेबांनी क्षणभर बाईंकडे बघितलं आणि दुसऱ्याच क्षणी हात आतून बाहेर वळवला. "प्रयोग आहे आमचा," ते म्हणाले. "थोडे दिवस चराई, मग विश्रांती."

"मग कुंपण कशाला हवंय?"

"कुंपण?" साहेबांनी हा शब्द जन्मात ऐकला नसल्यासारखा चेहरा केला. "छे, छे."

प्रस्ताव तिथेच बारगळला. हल्ली साहेब आठवड्यातून एकदा माळावर येतात आणि मेंढरं कशी बसवायची, कधी हलवायची, यावर दादाला व्याख्यान देतात. परवा दादा म्हणाला, "साहेब, मेंढीला पाय किती, तेही एकदा सांगून टाका."

"घाई करू नका," साहेब गंभीरपणे म्हणाले. "माझ्या पुस्तिकेत येणार आहे सगळं."