पाचव्या दिवसाचा भात

हेसुनने बांबूच्या बेटात गुडघे टेकले आणि लाकडी पेटीवरचा पाचोळा दोन्ही हातांनी बाजूला सारला. धुकं अजून उठलं नव्हतं. बांबूंचे शेंडे कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पेटीत तिने फडफडीत भात भरला होता आणि वर खिडकीला लावतात तो कागद दोरीने बांधला होता. आज पाचवा दिवस.

बेटातली माती कैक वर्षांच्या पाचोळ्यावर पोसलेली. तिच्यातले न दिसणारे जीव आधी भातावर बोलवायचे, मग कोंड्यात वाढवायचे आणि शेताला घालायचे, ही गावची रीत. भातावर पांढरी लव आली तर शेत ठेवायचं, काळी बुरशी आली तर सोडायचं, असं ती दिराला, इन्होला, सांगून बसली होती. शेत सोडलं तर त्यात विजेची सौर पॅनेलं लावणारे सोमवारी सही घ्यायला येणार होते.

शेत बिघडलं ते नवऱ्याच्या हौसेने. रस्त्यासाठी टेकडी कापली तेव्हा चोल्होने ती तांबडी माती शेतावर ओतून घेतली. नवी माती, नवा जोर, म्हणाला. तेव्हापासून मिरचीची रोपं गुडघ्याएवढी होऊन माना टाकू लागली. "मी शेत मारलं," एवढंच बोलून तो मागच्या वर्षी गेला. त्याच्या माघारी ते खोटं ठरवायचं, हा हेसुनचा हट्ट होता.

पेटी उघडी पडली. कागद फाटलेला. भात जवळजवळ संपलेला, आणि उरलेल्या मूठभरात पितळेचा चमचा उभा खोवलेला.

चोल्होचा चमचा. असा उभा चमचा मेलेल्याला वाढलेल्या भातातच खोवतात; जिवंत माणसाच्या वाडग्यात कुणी तो उभा करत नाही. भातावर नैवेद्याची तांदळाची दारूही शिंपडलेली, तिचा आंबूस वास येत होता. हे काम कुणाचं, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

सासू उंबऱ्यात बसून रानभाजी निवडत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी, आज काय वार ते तिला सांगता येत नसे.

"आई, बेटातला भात तुम्ही काढलात?"

"काढू नको तर काय? नवऱ्याला जेवायला वाढलंस आणि वरून दोरी बांधलीस! तो काय गाठी सोडत बसणार?"

"तो भात त्यांच्यासाठी नव्हता."

"मग कुणासाठी गं? बेटात तुझा दुसरा कोण बसलाय?"

हेसुन संतापली होती, तरी तिला हसू आलं, आणि हसू येताच डोळे भरले. सगळा खेळच खलास झाला होता.

"बरं, बेटात तो नव्हताच," म्हातारी भाजी खाली ठेवत म्हणाली. "तू दोरी बांधून गेलीस त्याच संध्याकाळी हाका मारमारून दमले. शेवटी शेतात सापडला. चल, दाखवते."

ती पुढे निघाली. धुक्यात तिची पांढरी बारीक वेणी तेवढी दिसायची, मग तीही नाहीशी व्हायची. हेसुनला वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि हे स्वप्नातच चाललंय. शेताच्या कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग होता. बांबूची पानं, काळसर, ओली. बेटातलीच.

"हा पाचोळा?"

"ओच्यात भरून आणला, भात वाढला त्यावर घातला. गार वाऱ्यात उघड्यावर जेवायला बसवू काय पोराला?"

हेसुनने ढीग उकरला. खाली भाताचा मागमूसही दिसेना. पांढरी मऊ लव होती, पिंजलेल्या कापसासारखी, आणि तिचे बारीक धागे खाली तांबड्या मातीत उतरले होते. तिने ढेकूळ उचललं. एरवी कुदळीला दाद न देणारं ते ढेकूळ बोटांत भुसभुशीत होऊन सुटलं. तिने ते नाकाशी नेलं. अळंब्यांचा गोडसर वास. चोल्होने आणलेल्या मातीला पहिल्यांदाच वास आला होता.

बांधावर मोटारसायकल थांबली.

"काय वहिनी, पांढरा की काळा?" इन्होने लांबूनच विचारलं.

"हळू बोल मेल्या," म्हातारी दटावून म्हणाली. "भाऊ जेवतोय तुझा."

इन्हो ओशाळून वहिनीकडे पाहू लागला. आईचं डोकं ठिकाणावर नाही, असं डोळ्यांनीच म्हणत होता. हेसुनने मातीचा हात त्याच्यासमोर धरला. त्याने वाकून वास घेतला आणि काही वेळ तसाच वाकून राहिला.

"सोमवारी त्यांना येऊ नका म्हणावं, भावजी," हेसुन म्हणाली.

"अहो, एवढ्याशा कोपऱ्यावरून—"

"तेच म्हणते मी," म्हातारी मध्येच बोलली. "किती दिवसांचा उपाशी पोरगा. एवढ्याशा भाताने त्याचं काय होणार?"

हेसुनने लव पुन्हा पाचोळ्याने झाकली, कडा हाताने दाबून बसवल्या आणि उठली.

"आई, तुम्ही बसा त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "मी तांदूळ भिजत घालून येते."