दिव्याखालचं सोयाबीन

श्रावण लागला, सगळ्या शिवारात सोयाबीन फुललं, पण हमिदाबीच्या रानात रस्त्याकडेच्या दहा ओळींत औषधालाही फूल नव्हतं. झाडं मात्र कमरेएवढी, हिरवीगार.

"माजलंय, दुसरं काय," खुरपं आपटत ती म्हणाली.

हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी तिला वाटलं, शेणखत जास्त झालं. दुसऱ्या वर्षी त्या ओळींना तिनं खताचा कणही दाखवला नाही, तरी शेंग धरली नाही. आता तिचा जीव विटला होता. कापून शेळ्यांपुढं टाकायचं तिनं ठरवलं.

नववीतली नात सिमरन म्हणाली, "आठ दिस थांबा, दादी."

सिमरन आणि तिची मैत्रीण शिवांजली दिवेलागणीनंतर मोबाइलमधल्या ॲपनं ओळीओळीत उजेड मोजत फिरल्या. वहीत आकडे मांडले. रस्त्यावरच्या खांबावरल्या दिव्याचा उजेड जिथवर पोचत होता, तिथवरच फूल नव्हतं.

"ह्यो खताचा माज न्हाय, दादी. सोयाबीनला फुलायला लांब अंधार लागतो. दिव्याखाली दिवस मावळल्यालाच त्येला कळत न्हाय."

"माजा तरी दिवस कुठं मावळतोय?" हमिदाबी म्हणाली.

पंचाईत अशी, की तीन वर्षांपूर्वी हा दिवा तिनंच मागून घेतलेला. पोरींना घेऊन सरपंच आण्णासाहेबांपुढं ती खालमानेनं उभी राहिली.

"भाबी, चार अर्ज केले तुमी. आता इजवा म्हंता?"

"इजवू नका, आण्णा," शिवांजली म्हणाली. "रानाकडनं निस्ता आडोसा करा."

पोरींनी तेलाचा डबा कापून, कोन मोजून दिव्याला टोप केला. वायरमननं तो बसवला. आण्णासाहेबांनी रस्त्यावर उभं राहून स्वतः मोबाइलमधला आकडा वाचला. रस्त्याचा उजेड तसूभर कमी नव्हता, रान अंधारात होतं. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी गाडीला किक मारली.

तीन आठवड्यांनी त्या ओळींना फूल आलं. बाकीचं रान कापून झालं, तरी त्या दहा ओळी वाळायला आणखी पंधरा दिवस गेले. तेवढ्यासाठी मजुरीला कुठल्या बाया येणार? रविवारी आजी, नात आणि शिवांजली विळे घेऊन वाकल्या. शेंगा बारीक होत्या, पण होत्या. दुपारपर्यंत हमिदाबीची पाठ मोडली. वाळल्या शेंगांची टोकं रुतून तळहात रक्ताळला.

"फडकं गुंडाळा, दादी, टोचतंय की."

हमिदाबीनं तळहात पुसला.

"ऱ्हाऊ दे. दोन वर्सं हितं काय टोचलंच न्हाय," म्हणत तिनं पुढच्या झाडाचं बुड धरलं.