पाचावर पाच

त्याने तिच्या पत्त्यांतून चौकटचा एक्का काढून घेतला आणि डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. बदल्यात तिला चौकटची दुर्री दिली. कॉम्प्युटरवर हे काम फार सोपं असतं. एक अक्षर खोडायचं, दुसरं टाइप करायचं. मग त्याने कळ दाबली आणि यंत्राने पुन्हा हजार डाव वाटायला घेतले. बाहेर बाल्कनीत ती दोरीवरचे कपडे काढत होती. चिमटे डब्यात पडल्याचे आवाज येत होते.

सकाळपासून तो याच खुर्चीत होता. सकाळचं काम मात्र प्रामाणिक होतं.

भांडण शनिवारचं. ब्रिजच्या क्लबात जोड्यांच्या स्पर्धेचा शेवटचा डाव चालला होता. त्याने इस्पिकची बोली सुरू केली, प्रतिस्पर्ध्यांनी बदामची, आणि दोन्ही बाजू इरेला पेटल्यासारख्या एकमेकांच्या वर चढत गेल्या. समोरचे पाच बदामवर पोचले. म्हणजे तेरापैकी अकरा हात आम्ही करू, असं वचन. आता पाळी तिची. गप्प बसावं, डबल म्हणून त्यांना आव्हान द्यावं, नाहीतर इस्पिक बदामला भारी म्हणून पाचावर पाच चढवावे आणि आपणच अकरा हातांचं ओझं डोक्यावर घ्यावं. तिच्याकडे चौकटचा एक्का होता, बदामची राणी होती, आणि चारही रंग जवळजवळ सारखे आले होते. समोरच्यांना पाडायला असेच पत्ते लागतात. कालपरवा खेळ शिकलेल्याने डोळे झाकून डबल दिला असता. ती म्हणाली, पाच इस्पिक. दोन हात कमी पडले. आणि सगळ्यांचे पत्ते उघडे झाल्यावर दिसलं की पाच बदाम त्यांना होणारच नव्हते.

गाडीचं दार लागलं. मग तो सुटला.

"काय बघून बोललीस?"

"मला वाटलं, त्यांचे होतील."

"एक्का हातात घेऊन?"

"एका डावावरून चूक-बरोबर ठरवू नये, हे कोण सांगतं सगळ्यांना? आता स्वतःवर आलं तर?"

हे त्याचंच हत्यार होतं. त्याची सगळी नोकरी हवामान खात्यात गेली. उद्या पाऊस पडेल का, हे कोणालाच ठाऊक नसतं. पण आजच्यासारखे हजार दिवस रचून पाहिले तर त्यांतल्या किती दिवसांनंतर पाऊस आला, हे सांगता येतं. निवृत्त झाल्यावर हीच खोड त्याने ब्रिजला लावली. बोली लावणाऱ्याचे तेरा पत्ते जागच्या जागी ठेवायचे, उरलेले यंत्राने पिसून हजार वेळा वाटायचे, बाकीच्या तिघांच्या बोलीशी जुळतील तेवढेच डाव धरायचे आणि प्रत्येकात बघायचं, कुठली बोली फायद्याची ठरते. क्लबातले वाद तो असे मिटवून द्यायचा. ज्यांच्या विरुद्ध निकाल जाई ते त्याला आठवडाभर पाण्यात पाहत.

घराच्या खाली गाडी थांबली तरी ती उतरली नव्हती.

"तुझे ते हजार डाव कर," ती म्हणाली. "मी चुकले असेन तर पत्त्यांना पुन्हा हात लावणार नाही. आणि बरोबर असेन तर डॉक्टरचं नाव पुन्हा काढायचं नाही. तूही नाही, आणि फोनवरून तुझी लेकही नाही."

डॉक्टरचं नाव निघण्यासारखं बरंच काही झालं होतं. मागे एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून परतताना ती घर चुकली, आणि "नवीन रस्ता बघत होते" म्हणून हसली. तोही हसला. गॅसवर रिकामं पातेलं लाल झालं, तेव्हा तिने पातेल्याच्या कंपनीला नावं ठेवली. टेलिफोन खात्यात असताना या बाईच्या डोक्यात अख्ख्या शहराचे नंबर होते. आता ती मुलीचा नंबर भिंतीवरून वाचून लावायची. हे सगळं त्याने पोटात घातलं होतं. पत्त्यांवर मात्र त्याचा भरवसा होता. पत्ते शाबूत आहेत तोवर ती शाबूत आहे, असं त्याने स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं, आणि म्हणून शनिवारी तो घाबरला होता. गाडीतला राग हा त्या भीतीवरचा नुसता मुलामा होता.

सकाळी त्याने तिचे तेरा पत्ते जसेच्या तसे घातले. दहातल्या जवळजवळ नऊ डावांत डबलच बरोबर. त्याने समोरच्यांना जरा मोकळं सोडलं, त्यांना बदामचे जास्त पत्ते दिले, कमी ताकदीच्या पत्त्यांवर बोली चढवणारे बेफाम लोक करून टाकले. तरी डबलच. आणखी बेफाम केले. एवढे, की तसल्या लोकांना क्लबाने दारातूनच परत पाठवलं असतं. यंत्र बधलं नाही. जेवणं झाल्यावर तो पुन्हा येऊन बसला, थोडा वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला, आणि मग त्याने तो एक्का काढला.

निकाल आला. पारडं फिरलं होतं.

ती कपड्यांचा ढीग छातीशी धरून आत आली.

"झालं का दळून तुझ्या यंत्राचं?"

"झालं."

"मग?"

"तू बरोबर होतीस. पाच इस्पिकच."

ती जागच्या जागी थांबली. "किती?"

"दहात सात."

"सात," ती म्हणाली. ढीग तिने कोचावर टाकला आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. "दाखव."

"काय दाखवू?"

"डाव. त्यातले चार-पाच काढ. तुझ्या नुसत्या आकड्यावर मी कधी विश्वास ठेवलाय?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. त्याने एक डाव पडद्यावर आणला. चार बाजूंना चौघांचे पत्ते, खालचे तिचे. डावीकडे चौकटचा एक्का स्वच्छ दिसत होता. तिच्या चौकटमध्ये अठ्ठी, छक्की, दुर्री.

तिने चष्मा लावला आणि बोट पडद्याला टेकवलं. काचेवर ते हळूहळू सरकू लागलं. आधी इस्पिक, मग बदाम.

आणि त्याला एकदम वाटलं, पकड. पकड मला. म्हण, चोरा, माझा एक्का कुठे घातलास? हिने त्याला काय कमी वेळा पकडलं होतं? भाजी निवडता निवडता ही तीन दिवसांपूर्वीचा डाव काढायची. मंगळवारी तुझ्याकडे किलवरची नव्वी होती, ती का नाही टाकलीस? आणि नव्वी खरंच असायची. त्याच्या चुका तिला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होत्या. त्या बोलण्याचा त्याला तेव्हा उबग यायचा. आत्ता त्यातलं एक वाक्य ऐकायला त्याने काय वाटेल ते दिलं असतं.

बोट चौकटवर आलं. अठ्ठीवर थांबलं. छक्कीवर आलं. दुर्रीवर जरा रेंगाळलं.

"पुढचा," ती म्हणाली.

त्याने पुढचा डाव आणला. मग तिसरा. प्रत्येकात तिच्याकडे तेच पत्ते, प्रत्येकात एक्का डावीकडे. पाचव्यानंतर तिने चष्मा काढून पदराने पुसला. मध्येच एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि परत पुसत राहिली.

"मी म्हणत नव्हते?"

"म्हणत होतीस."

"आणि गाडीत किती बोललास मला."

"चुकलो. उगाच बोललो."

"बरं," ती म्हणाली. "चल, चादर धर."

त्याने यंत्र बंद केलं. जिंकलो, असं त्याला वाटायला हवं होतं. डॉक्टरचा विषय मिटला, शनिवारी क्लबात जायचं, समोरासमोर बसायचं, सगळं पूर्वीसारखं. पण चौकटचा एक्का तिच्या डोक्यातून कधीच गेला होता आणि ते आता त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. जे टाळायला खोटं केलं तेच त्या खोट्याने त्याच्या पदरात घातलं. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं. त्याने चादरीची दोन टोकं धरली.

दोन टोकं तिच्याकडे, दोन त्याच्याकडे. लग्नाच्याही आधी क्लबातल्या टेबलावर त्यांची जोडी जमली होती, आणि अरे-तुरेही तेव्हापासूनचंच. त्यावरून तिच्या सासूबाईंनी बरीच वर्षं नाक मुरडलं. समोरासमोर उभं राहून मधे काहीतरी ताणून धरायची दोघांना सवय होती. त्यांनी चादर झटकली आणि लांबीत दुमडली.

"भांडला नाहीस," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरूनच नाही, तेच म्हणतेय. मी बरोबर असले तरी तू कधी सरळ कबूल केलंयस? बरोबर आहे, पण नशिबाने. बरोबर आहे, पण कारण चूक. चाळीस वर्षं तुझं ते 'पण' ऐकतेय. आज एकदाही नाही."

त्याने चादरीची घडी उगाच सरळ केली.

"मला ते पत्ते ओळखीचे वाटले नाहीत," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "शनिवारी काय हातात होतं, काही म्हणजे काही आठवत नाही. म्हटलं, तुझ्या तोंडावरून कळेल. कळलं." ती थोडी थांबली. "काय काढलंस?"

खोटं बोलायची त्याची ताकद संपली होती.

"एक्का."

"कुठला?"

"चौकटचा."

ती आठवत राहिली. डोळे बारीक करून, मान किंचित कलती करून, पूर्वी नंबर आठवायची तशी. तो वाट बघत होता. वेड्यासारखी अजूनही वाट बघत होता.

"असेल," ती म्हणाली. "मग डबलच द्यायला हवा होता."

"हो."

"कुणीही दिला असता."

"हो गं."

तिने मान हलवली. चादर दोघांच्या मध्ये थोडी सैल झाली होती. तिने आपल्या बाजूने ओढून ती ताठ केली.

"क्लबातल्या त्या दातांच्या डॉक्टरला जोडीदार हवाय ना? त्याला फोन कर. बरा खेळतो. बडबडतो जरा, पण तुझी सोय होईल. आणि लेकीला सांग, तिच्या त्या डॉक्टरची वेळ घे म्हणावं."

"करतो," तो म्हणाला. "पण..."

"पण काय?"

तिने मान वर केली. आपली दोन टोकं हातात धरून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. टेबलाच्या पलीकडून त्याच्या बोलीची वाट बघताना बसायची तशीच, घाई न करता. तो काहीतरी म्हणेल, मग ती खोडून काढेल, मग तो पुन्हा म्हणेल, असं सगळं तिच्या चेहऱ्यावर तयार होतं.

त्याने पुष्कळ शोधलं. त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि आपली टोकं तिच्या हातात द्यायला पुढे गेला.