तिसऱ्या झाकणातलं पाणी

बाटलीवरच्या कागदाकडे बघू नका, तो लिंबू सरबताचा आहे. आत मी आहे. गाडीच्या ब्रेकचं ऑइल. धुळ्याला देवपुरात चुडामण नानाचं गॅरेज आहे, तिथल्या पान्यांच्या फळीवर बसून बोलतोय. घाई नसेल तर ऐका. घाई असेल तर जरूर ऐका, कारण माझी गाठ घाईवाल्यांशीच पडत आली आहे.

माझं काम साधं. तुम्ही पॅडलवर पाय ठेवता, त्या पायाचा निरोप मी बारीक नळ्यांतून चारी चाकांना नेऊन देतो. थांब. एवढाच निरोप. मी स्वतः दबत नाही, म्हणून तो पोचतो.

पण जन्मापासून मला एक खोड आहे. मी पाणी पितो. झाकण जरा उघडं राहिलं की हवेतला ओलावा ओढून घेतो. पाणी प्यालो की मग तापल्यावर लवकर उकळतो. उकळलो की माझी वाफ होते, आणि वाफ उशीसारखी दबते. वरून पाय जमिनीपर्यंत जातो आणि खाली चाकांना काही कळतच नाही.

नानाला हे कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. शाळा त्यानं पाहिलीच नाही. तरी माझं सील तो गाडी समोर असल्याशिवाय फोडायचा नाही, आणि उरलेलं तेल उद्यासाठी ठेवायचा नाही. "शिळा भात पाहुण्याले वाढतस का कोणी?" म्हणायचा.

मला गाडीत भरताना दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पॅडल दाबतं, दुसरं चाकाशी बसून नळीतली हवा काढतं. नानानं कामाला माणूस कधी ठेवला नाही. सीटवर त्याची बायको बसायची, कुंदाबाई. पदर खोचायची, चप्पल बाहेर काढायची आणि दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून पॅडल दाबायची. तीस वर्षं.

"दाब."

"दाबं."

"धरी ठेव. ...सोड."

"सोडं. भाजी करपी राहिनी तिकडे."

"करपू दे. लोकेस्ना जीव शे यामा."

अशाच एका सकाळी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, मी ललितच्या गाडीत उतरलो. ललित सावद्याचा, केळीवाल्या घरचा, चाळिशीला आलेला. गाडी लाल, जमिनीला चिकटून बसलेली. पारोळ्याच्या बाजूला माळावर हौशी मंडळींसाठी एक बंदिस्त वळणावळणाचा रस्ता आहे. महिन्या-दोन महिन्यांनी मंडळी तिथे आपापल्या गाड्या घेऊन जमतात आणि जीव तोडून पळवतात. त्याला ते ट्रॅक डे म्हणतात. तिथे ब्रेक इतके तापतात की चाकाजवळ हात नेववत नाही.

नाना म्हणाला होता, "ललितभाऊ, रस्त्यावर दोन वर्षं चालंल हे. ट्रॅकवर नाही चालणार. दर खेपेला आधी इथं या, बदलून देतो."

माझ्याआधी ललित दोनदा येऊन तेल बदलून गेला होता. माझ्यानंतर कंटाळला. सावद्याहून धुळ्याला यायचं, दिवस मोडायचा, आणि कशासाठी? तर चहाच्या दोन पेल्यांएवढ्या तेलासाठी. पावसाळा गेला. मी बॉनेटखालच्या माझ्या छोट्या टाकीत बसून थोडाथोडा ओलावा पीत राहिलो. सोन्यासारखा रंग होता माझा, तो चहासारखा झाला. ब्रेकचे पॅड झिजले, तसा मी टाकीत खाली गेलो. बोटभर.

मग दसरा आला.

ललितची आई द्रौपदाबाई. मोठी मायाळू बाई, तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्या घरात दसऱ्याला ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये तापीचं पाणी घालायची रीत होती. नवरा असल्यापासूनची. त्या ट्रॅक्टरनं पंचवीस वर्षांत दगा दिला नाही, म्हणून त्या पाण्यावर तिचा भारी जीव. लाल गाडी पळताना तिनं एकदा ललितच्या फोनवर पाहिली होती, आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती.

तांब्याचा गडू आणि पळी घेऊन ती अंगणात आली. ट्रॅक्टरवरचा निंबा झेंडूची माळ बांधत होता.

"निंबा, उघड रे झाकनं. जिथं जिथं काही ओततात, तिथं माह्या तापीचं एक एक पळी जाऊ दे."

निंबाला ट्रॅक्टर ठाऊक, ही गाडी नाही. हाताला लागली ती तीन झाकणं त्यानं उघडली. पहिलं काच धुवायच्या पाण्याचं. दुसरं इंजिन थंड ठेवायच्या पाण्याचं. तिसरं माझं.

"अक्का, यात तेल दिसतं."

"असू दे रे. मायचं पानी कोणाले बाधतं का?"

पळी कलंडली. थंड होतं पाणी. मी ते एका घोटात पिऊन टाकलं, माझा इलाज नव्हता. वाईट त्याहून पुढचं झालं. बोटभर खाली गेलो होतो तो मी बरोबर टाकीच्या वरच्या रेघेला आलो.

दिवाळीनंतरच्या ट्रॅक डेला ललितनं बॉनेट उघडलं, टाकीकडे पाहिलं आणि बॉनेट पाडलं. "लेव्हल फुल्ल."

त्या दिवशी गाड्या तपासायला ट्रॅकवाल्यांनी नानालाच बोलावलं होतं. तपासून झालेल्या गाडीच्या काचेवर हिरवी टिकली चिकटवायची, एवढा त्याचा मान. पेनासारखं एक यंत्र असतं, त्याचं टोक त्यानं माझ्यात बुडवलं. लाल दिवा लागला. नानानं टोक पुसलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा लाल.

"भाऊ, तेलमा पानी शे."

ललितचे दोस्त गोळा झाले होते. ललित त्यांच्याकडे बघून हसला.

"नाना, तुमच्या धुळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. ते माझ्या गाडीत कुठून आलं?"

काय हसले सगळे!

"कुठून आलं ते देव जाणे. पण शे. घंटाभरमा बदली देस. घरून कुंदाले बोलावतो."

"माझी बॅच दहा मिनिटांत आहे. काकूंची भाजी होईस्तोवर थांबू का?" ललितनं नानाच्या हातातल्या कागदावरची एक टिकली काढली आणि आपल्या हातानं काचेवर लावली. "झालं तपासून. फारच काळजी असेल तर शेजारी बसा. भीती वाटत असेल तर राहू द्या."

"बसवा, बसवा! नाना, धोतर आवळून घ्या!" दोस्तांतला योगराज ओरडला. नाना पँट घालतो.

नाना बसला. का बसला ते मी ओळखलं. त्याला वाटलं, शेजारी म्हातारा माणूस आहे म्हटल्यावर हा हळू चालवेल. सगळा जन्म माणसांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेला, माणसं कशी असतात ते नानाला कधी नीट कळलंच नाही. ललितनं तर त्याला घाबरवायलाच जास्त जोर लावला.

पहिल्या फेरीला मी तापलो. दुसऱ्या फेरीला माझ्यातलं ते पळीभर पाणी चुळबुळायला लागलं. तिसऱ्या फेरीला ललितचा गुडघा नेहमीपेक्षा खाली गेलेला नानानं पाहिला.

"पॅडल मऊ पडलं ना, भाऊ? आता थांबा."

"घाबरलात?"

"हो, घाबरलो. थांबा."

ललित हसला आणि सरळ पट्ट्यावर गाडी सोडली. पट्ट्याच्या शेवटी वळण, वळणावर टायरांची थप्पी, थप्पीमागे सिमेंटचा कठडा. तिथे त्यानं पाय दिला. मी उकळत होतो. पाय खालीच गेला. चाकांकडे माझ्याकडून काही गेलं नाही, नुसती वाफ. शेवटच्या क्षणी ललितनं स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं. माणूस ओढतोच. त्याची बाजू वाचली, गाडीची डावी, नानाकडची बाजू कठड्यावर आदळली.

ललितच्या कपाळाला दोन टाके पडले. नानाचा डावा पाय गुडघ्यावरून काढला.

मोडकी गाडी ओढून नानाच्याच अंगणात आणून टाकली, ओढणाऱ्यांना तेच गॅरेज ठाऊक होतं. ललितची माणसं ती न्यायला यायच्या आत कुंदाबाईनं चाकाजवळची हवा काढायची चावी सैल केली. पॅडल दाबायला कोणी नव्हतं, म्हणून मी थेंबथेंब आपसूक गळत राहिलो. तिनं मला या बाटलीत धरलं, बूच घट्ट लावलं आणि पिशवीत घालून दवाखान्यात नेलं.

ललित आणि त्याची आई नानाला बघायला आले होते. कुंदाबाईनं नानाचं यंत्र माझ्यात बुडवून ललितच्या पुढे धरलं. लाल दिवा.

ललितनं नीट बघितलंही नाही. "हे पाणी तुम्हीच ओतलं नाही कशावरून, काकू? ऑइल नानांनी भरलेलं. जबाबदारी कोणाची?"

दारात निंबा उभा होता, फळांची पिशवी धरून. त्याला तिसरं झाकण आठवलं. त्याच्या तोंडावरून ते मला कळलं, आणि नानालाही कळलं असावं.

द्रौपदाबाई कॉटजवळ आली. नानाच्या ओठांना तिनं गडूतल्या पाण्याचं बोट लावलं.

"माह्या लेकाले तापीमायनं वाचवलं, नाना. तुमच्यावर माहा राग नाई. चूक होते मानसाच्या हातून. मी माफ केलं तुमाले."

नानानं तिच्याकडे बघितलं. मग निंबाकडे. निंबानं मान खाली घातली.

"हां, अक्का," नाना म्हणाला.

निंबा दुसऱ्या दिवशी एकटा येऊन सगळं सांगून, रडून गेला. कुंदाबाई पेटली. "आते तरी सांगा तिले!"

"मायले काय सांगू? तुन्हाच हातनं व्हयनं म्हणू?"

तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याची किंमत गॅरेजनं दिली. 'नानाच्या हातचा ब्रेक' म्हणून लोक दुरून यायचे, तेच आता दारावरून निघून जायला लागले. ललितनं सांगितलेलंच जळगावपर्यंत खरं झालं.

वर्ष गेलं. ललितनं नवी गाडी घेतली, अजून वेगाची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निंबाचा फोन आला. "नाना, अक्कांनी गडू घासायला काढलाय."

नानानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं द्रौपदाबाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सावकाश. कोणतं झाकण, किती पाणी, त्यानं काय झालं. 

पलीकडून आवाज आला. "पाय गेला तुमचा, मी काही बोलली नाई. पन माह्या तापीमायले बोल लावता? शरम नाई वाटत?"

फोन ठेवला तिनं. पुन्हा लावला तो लागलाच नाही. निंबा म्हणाला, मी ते झाकण इतकं आवळीन की हलणार नाही. आवळलं की नाही, मला ठाऊक नाही. फळीवरून सावदा दिसत नाही.

मी तेवढा इथे आहे. माझा रंग आता गुळाच्या पाकासारखा झालाय, कामाचा मी राहिलो नाही. एक मागणं आहे. रेघेपर्यंत भरलेला दिसलो म्हणून माझ्यावर विश्वास टाकू नका. मी तोंडापर्यंत भरलेला असतो आणि तरी फसवतो. आणि 'बदला' म्हणणारा म्हातारा भेटला तर हसण्याआधी घटकाभर थांबा.

आज एक रिक्षा आली आहे, मोतीलालची. तो एकटाच अजून येतो. नानाला खाली बसता येत नाही, म्हणून कुंदाबाई चाकाशी बसली आहे, हातात पाना. नाना कुबडी टेकून सीटवर चढलाय. उजवा पाय आहे त्याला. ब्रेकला तोच लागतो.

"दाबा," ती खालून म्हणते.

"दाबं," नाना म्हणतो.