डहाळी चुकीच्या बाजूला

वर्षातून थोडेच दिवस घरची वाइन लोकांना अंगणात बसवून विकता येते. त्या दिवसांत चौकात आयव्हीची हिरवी डहाळी टांगायची, म्हणजे तिच्या रोखाने लोक घर शोधत येतात. डहाळी नेहमी अल्बिनची बायको दानिला टांगायची. ती गेल्या उन्हाळ्यात वारली. त्यानंतरची द्राक्षं अल्बिनने एकट्याने तुडवली, आणि आज डहाळीही त्यानेच टांगली. आपली तेरान वाइन लोकांना आवडेल का, या विचाराने त्याला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं.

दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. वाइनबरोबर द्यायला उकडलेली अंडी गार झाली. इतक्यात रस्त्यावर अकॉर्डियन वाजलं. शेजारीण झोरा पुढे आणि तिच्यामागे ही गर्दी!

"अरे शहाण्या, डहाळी माझ्या घराकडे वळवलीस! सगळे मलाच वाइन मागताहेत. शेळीचं दूध पाजू का त्यांना?"

"मग तेव्हाच पाठवायचं ना!"

"एकेकाला काय पाठवायचं? म्हटलं, वरात जमू दे. आता ओत आधी!"

अल्बिनने ग्लास भरला. झोराने घोट घेतला. अकॉर्डियन थांबलं.

"दानिलाच्या वाइनपेक्षा आंबट आहे," ती म्हणाली.

अल्बिनचा चेहरा पडला. झोराने उरलेली वाइन एका दमात संपवली आणि रिकामा ग्लास पुढे केला.

"बघतोस काय? भर की! मागे माणसं खोळंबलीत."

"आलो, आलो!" म्हणत अल्बिन दुसरी सुरई आणायला तळघराकडे अक्षरशः धावत सुटला.