सॅकमध्ये पोहे कशाला?

मी सॅक भरायची आणि माझी पाठ वळली की आईनं ती परत भरायची, असा आमच्या घरी त्या आठवड्यात धंदाच चालला होता. शाळेतून घरी यावं, सॅक उघडावी, तर नीट घड्या घातलेल्या सामानात काहीतरी नवीन घुसलेलं. एके दिवशी लोणच्याची बरणी. काचेची! दुसऱ्या दिवशी रजई, म्हणजे जी अंगावर घेतली की कूस बदलता येत नाही ती. आणि गुरुवारी हातात आली मोरपंखी रेशमी साडी, परकर-ब्लाउजसकट, वर डांबराची गोळी ठेवून.

"आई, मी डोंगरावर चाललेय!" मी ओरडले. "तिथे बर्फ असतो. कुणाच्या मुंजीला नाही चालले मी."

"ओरडायलीस कशाला? बाईमाणसाजवळ एक बरी साडी असावी."

"कशासाठी? अस्वल आलं की नेसून उभी राहू?"

 आईनं साडी उचलली आणि आत नेली. मी मूर्ख, मला वाटलं जिंकले.

झालं होतं असं, की आमच्या हैदराबादच्या चिक्कडपल्लीत श्रीकांत सरांचा एक गिर्यारोहण क्लब आहे. सर बँकेत ऑफिसर, पण वागणं फौजेतल्या सुभेदाराचं. दर मे महिन्यात ते कुलूच्या बाजूला लोकांच्या दोन तुकड्या घेऊन जातात. दहा दिवस पायी चालायचं, तंबूत राहायचं, आणि आपलं ओझं आपण वाहायचं. मी जामबागच्या शाळेत गणित शिकवते, वय सव्वीस, लग्न व्हायचंय. तीन वर्षं मी घरी विचारत होते आणि तीन वर्षं अप्पा म्हणत होते, "डोंगर इथं नाहीत का? मौलाली जा, चढ, उतर, ये घरी."

आणि यंदा विचारलं तर चटकन म्हणाले, "हौ, जा की! जमाना बदलला आता. घराघरात डिश आली, कंप्यूटर आला, दिल्लीवाल्यांनी सगळा बाजार खुला केला. आमची पोरगी एक डोंगर चढणार नाही का?"

एवढ्यावर मला शंका यायला हवी होती. आमचे अप्पा, म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त एकनाथराव, कोपऱ्यावर इडली खायला निघाले तरी पंचांग बघणारा माणूस. पण मला आनंदच इतका झाला की डोकं चालेनासं झालं. मी धावत जाऊन क्लबात नाव घातलं.

मग सामान. तुम्हाला सांगते, एप्रिलच्या उन्हात हैदराबादेत लोकरीचे मोजे शोधणं हे काही सोपं काम नाही. कोठीच्या बाजारात एका दुकानदाराला मागितले तर तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. "इत्ती गर्मी में? आपा, तबियत तो ठीक है ना?" म्हणाला. शेवटी एका मैत्रिणीच्या भावाचे मिळाले, एका अंगठ्याला भोक पडलेले. कॅनव्हासचे बूट मी रोज घालून शाळेत जात होते, पाय सरावावेत म्हणून, आणि आठवीच्या मुली साडीखालचे बूट बघून खिदळत होत्या. खिदळू देत.

सरांचा नियम साधा होता. कपड्यांचे दोन जोड, लोकरीचं एक, रेनकोट, ताट-मग, विजेरी, बस. "उरलेली हौस घरी ठेवा," म्हणायचे. निघायच्या आधी एका रविवारी भरलेली सॅक घेऊन गोवळकोंडा चढायचा, थेट माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत. जो मध्ये बसेल तो हैदराबादेतच बसेल. कुणाची गय नाही.

शनिवारी संध्याकाळी मी सॅक शेवटची भरली. उचलून बघितली, पाठीवर घेऊन घरात दोन चकरा मारल्या. झकास! पट्टे बांधले, गाठी मारल्या आणि आईला बजावलं, "याला आता हात लावायचा नाही. माझी शप्पथ आहे."

"बरं बाई," आई म्हणाली.

रविवारी सकाळी अप्पांनी सॅक रिक्षात ठेवली आणि "जड आहे गं," असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं त्यांचं वय झालंय. पण गोवळकोंड्याच्या दरवाज्यात ती पाठीवर घेतली आणि माझे गुडघेच वाकले. आठवडाभर झोप कमी झाली असेल, म्हटलं. चढायला लागले. अर्ध्यावर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शेजारून पन्नाशीच्या बायका गप्पा मारत वर चालल्या होत्या आणि मी, रोज शाळेचे तीन जिने चढणारी, भिंतीला धरून उभी. शेवटी मी मटकन पायरीवर बसलेच.

सर खाली आले. त्यांनी सॅकच्या गाठी सोडल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. मोजे. रेनकोट. मोरपंखी साडी. मी डोळे मिटून घेतले. मग एक भलीमोठी पिशवी आली, ती होती पोह्यांची. त्यामागून शेंगदाणे, हिंगाची डबी, हळदीची पुरचुंडी, कढीपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळलेला, तेलाची बाटली, आणि घराबाहेर फक्त लग्नकार्यात पडते ती आमची पितळेची कढई. सर्वांत तळाशी कांदे. सरांनी ती पिशवी उचलली आणि तिचं बूड सुटलं. कांदे गोवळकोंड्याच्या पायऱ्यांवरून टणाटण उड्या मारत खाली निघाले.

सगळा क्लब हसला. शाळेची एक सहल चालली होती, ती पोरंसुद्धा हसली.

"त्रिवेणी मॅडम," सर म्हणाले, "आपल्याबरोबर आचारी असतो. हॉटेल काढायचा विचार असेल तर सांगा."

"सर, हे मी नाही भरलं..."

"ज्याला आपल्या सॅकमध्ये काय आहे ते ठाऊक नाही, त्याला मी डोंगरावर नेत नाही. पुढच्या रविवारी परत या. शेवटची संधी."

मी मान खाली घालून सामान गोळा करत होते. तेवढ्यात क्लबातला एक नवा मुलगा, चष्मेवाला, खाली जाऊन सगळे कांदे वेचून घेऊन आला. ओंजळीतून माझ्या पुढ्यात ओतले आणि अगदी पुणेरी शुद्ध आवाजात म्हणाला, "पोहे छान झाले असते." वर हसला. मला इतका राग आला की त्यातलाच एक कांदा त्याला फेकून मारावासा वाटला. मारला नाही, एवढाच काय तो माझा सुसंस्कृतपणा.

घरी येऊन सॅक मी हॉलच्या मधोमध उलटी केली. कढई फरशीवर घणघणली.

"शप्पथ घातली होती मी!" मला रडू यायला लागलं होतं, रागाचं. "सगळ्यांसमोर शोभा झाली माझी. पुढच्या रविवारी जमलं नाही तर गेलं सगळं! पोहे कशाला, आई? नुसतं एवढं सांग मला. हिमालयात पोहे कशाला?"

आई अप्पांकडे बघायला लागली. अप्पा पेपरात बघायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचत नव्हते हे मला कळत होतं.

"सांगून टाका आता," आई म्हणाली.

अप्पांनी घसा खाकरला. "त्याचं काय आहे बेटा, तो अमेय आहे ना. गणपतीत मंडळात भेटल्या होत्या बघ सुलभाताई, पुण्याहून आलेल्या, त्यांचा मुलगा. बेगमपेटेत कंप्यूटरच्या कंपनीत आहे. त्याला पण डोंगराची आवड आहे म्हणे. तर आम्ही विचार केला, चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात दहा मिनिटांत काय कळतं? दहा दिवस सोबत चाला. तुम्ही दोघं पण नव्या जमान्याचे. त्यांना पटलं. फक्त सुलभाताई म्हणाल्या, एकदा तरी मुलीच्या हातचे पोहे..."

"चष्मा आहे त्याला?" मी विचारलं.

"हौ. भेटला का? छान मुलगा आहे ना?"

मी तिथेच सॅकवर बसले. म्हणजे तो मला बघत होता! मी भिंतीला धरून धापा टाकत होते, मान खाली घालून कढई उचलत होते, आणि तो माणूस मला बघायला आला होता. त्याला सगळं माहीत. त्याच्या आईला माहीत, माझ्या आईला माहीत, मलाच तेवढं नाही. दाखवण्याचा कार्यक्रम होऊनसुद्धा गेला, आणि तोही बुटावर!

"मी जात नाही," मी म्हटलं. "रद्द करा. तुम्हीच जा दोघं, कढई घेऊन."

अप्पा "अगं, अगं" करत उठले आणि चहाचं निमित्त काढून आत सटकले. भांडण पेटलं की त्यांचं हे ठरलेलंच. आई मात्र तिथेच बसली. कांदे एकेक करून पदरात गोळा करायला लागली.

"तुझ्या चांगल्यासाठीच केलं गं," ती म्हणाली. "मला उदगीरला बघायला आले ना, तेव्हा मान वर करायची नाही अशी ताकीद होती. मला यांचे फक्त पाय दिसले. धुतलेले, स्वच्छ होते. तेवढंच बघितलं मी लग्नाआधी. म्हटलं, माझ्या पोरीला पोटभर बघता यावं. चालताना माणूस कळतो. दमल्यावर कसा वागतो, भूक लागल्यावर कसा बोलतो. तू बघ त्याला, असं होतं माझ्या मनात."

खरं सांगते, माझा राग अर्धा तिथेच उतरला. पण उरलेला अर्धा खरा होता, तो कसा उतरणार?

"आई, तोपण बघणार ना मला! सकाळी तंबूतून बाहेर आले की केस बघणार. किती खाते ते बघणार. मी पुढे गेले तर आगाऊ, मागे राहिले तर नाजूक. किती जण बघून गेलेत ते मोजायचं मी सोडून दिलंय. त्या दहा दिवसांत मला कुणी बघायला नको होतं. म्हणूनच तर चालले होते मी. दुसरं काही नव्हतं त्यात."

आईचे हात थांबले. 

"आणि तुला नसते आवडले अप्पा," मी विचारलं, "तर काय केलं असतंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"पण विचारलं असतं तर?"

"हो म्हटलं असतं. नाही म्हणता येतं हेच कुठं ठाऊक होतं?"

पदरातले कांदे तिनं खाली ठेवले. उठली. फोनजवळ गेली, नंबरांची डायरी उघडली आणि चष्मा लावून स्वतः एकेक आकडा फिरवला. आमच्याकडे फोन लावायचं काम अप्पांचं. आवाज ऐकून तेही चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"सुलभाताई का? मी पद्मावती. हो, गेली होती ती गोवळकोंड्याला. हो, अमेयनं सांगितलं असेल." मग आईनं डायरी मिटली. "एक बोलायचं होतं. अमेयला श्रीकांत सरांच्या पुढच्या तुकडीत जाऊ द्या. आमची पोरगी या तुकडीत एकटी जाईल."

पलीकडून बरंच काही आलं असावं. आई ऐकत होती आणि फोनची वायर बोटाला गुंडाळत होती. अप्पांनी दारातून हातवारे केले, सांभाळून घे, सांभाळून घे. आईनं त्यांच्याकडे पाठ केली.

"परत आल्यावर तिला वाटलं तर भेटतील की. तेव्हाचं तेव्हा. नाही, यांचं काय म्हणणं आहे ते मी विचारलेलं नाही." वायरीचा आणखी एक वेढा बोटाला पडला. "नाही हो. नाही. नाही म्हणजे नाही, सुलभाताई."

तिनं रिसीव्हर ठेवला. हात पदराला पुसले. अप्पांच्या कपातला चहा बशीत सांडला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात आईच माझ्याकडे वळली. तिचा चेहरा इतका चकित झालेला मी कधीच बघितला नव्हता.

"त्रिवेणी," ती म्हणाली, "एवढंच असतंय होय गं ते?"